काखेची रेघ

खोलीला खिडकी नाही.
आठ पडदे, एक पंखा, निवलेली कॉफी
आणि कानात तीनशे किलोमीटरवरच्या मैदानातला श्वास.
पंच तेल्मोला दम लागलाय.
"ओंदिना, बघतेयस ना?"
बघतेय. तेवढंच तर काम आहे माझं.

पोरगा सतरा वर्षांचा, पाठीवर एकेचाळीस नंबर.
गोल मारून कोपऱ्यातल्या झेंड्याकडे सुटला,
शर्ट काढता काढता थबकला,
एक हात बाहीत, एक बाहेर,
कारण मैदानातल्या मोठ्या पडद्यावर अक्षरं आली: तपासणी सुरू.
तीस हजार माणसं
अर्ध्या आरोळीत अडकून बसली.

मी चित्र मागे नेते. पुढे. मागे.
एका चौकटीत चेंडू बुटाला चिकटलेला,
पुढच्या चौकटीत सुटलेला.
सुटला कधी, ते कुठल्याच चौकटीत नाही.
सेकंदाचे पन्नास तुकडे केले तरी
दोन तुकड्यांमधल्या फटीत
हा पोरगा वीतभर पुढे सरकतो
आणि मला निकाल द्यायचाय दोन बोटांचा.

बचावपटूच्या गुडघ्यातून निळी रेघ.
पोराच्या काखेतून लाल.
हात धरायचा नाही, खांदा धरायचा,
आणि खांदा संपतो कुठे, तर काखेपाशी.
गावाला वळसा घालून मी परत तिथेच येते,
घामाच्या डागावर,
आणि कळसा काही सापडत नाही.

एश्पोझेंदेला माझे बाबा, आदेलिनो,
आठवडाभर कारखान्यात सार्डिनचे डबे बंद करायचे
आणि रविवारी गळ्यात शिट्टी घालायचे.
मैदान समुद्राला लागून.
सकाळी स्वतःच वाकून चुन्याच्या रेघा ओढायचे,
दुपारपर्यंत निम्म्या रेघा वारा घेऊन जायचा.
चौऱ्याऐंशी साली चेंडू गोलरक्षकाच्या पोटाखाली सापडला,
रेषेच्या आत की बाहेर विचाराल
तर तिथे रेषाच नव्हती.
बाबांनी गोल दिला.

सोमवारी न्हाव्यानं एकाच गालाची दाढी केली,
वस्तरा पुसला, म्हणाला,
"उरलेलं आत की बाहेर, ते तुम्हीच ठरवा."
मासळीवाली इझाल्तिना अकरा वर्षं
त्यांच्या पिशवीत शेपटीकडचेच तुकडे टाकायची.
पण तिचा नवरा गेला तेव्हा
पेटीला खांदा द्यायला माणूस कमी पडला,
आणि तिनं निरोप धाडला तो बाबांना.

"ओंदिना?"
तीन मिनिटं चाळीस सेकंद.
ऑफसाइड, मी म्हणते. दोन बोटं.
आवाज माझाच, पण सरकारी पत्रासारखा.
पोरगा शर्ट खाली ओढतो,
बाहीत हात घालताना चुकतो, पुन्हा घालतो.
हे मी कुणी न सांगता परत लावून पाहते.
हे तपासायची तरतूद नाही.

रात्री बाबांचा फोन.
कॅफेत आवाज बंद करून सामना पाहिला म्हणे,
लोकांच्या शिव्या मात्र मोठ्यानं चालू होत्या,
तुझ्या नावानं, म्हणजे पर्यायानं माझ्याही.
मी म्हटलं, त्या चौऱ्याऐंशीच्या सामन्याची
कुणाकडे तरी टेप आहे म्हणतात,
मागवू का? नीट बघून सांगते.
ते हसले नाहीत.
"चेंडू मध्यावर परत नेत होते ना,
तेव्हाच कळलं होतं मला."
काय कळलं, ते सांगितलं नाही.

मग बराच वेळ नुसती खरखर.
"तुझी ती निळी रेघ. वाऱ्यानं उडत नाही?"
"नाही, बाबा."
"कधीच?"
"नाही."
"अरेरे," ते म्हणाले,
आणि विचारलं, जेवलीस का.